१९५८ची डुक्कर फियाट विकायची आहे. योग्य किंमत कशी ठरवावी?

कृष्णाकाठ (मिरज):

सर्वांना सप्रेम नमस्कार. आमच्या आजोबांची फियाट ११००, म्हणजे ज्या गोल घाटाच्या गाडीला सगळे डुक्कर फियाट म्हणतात ती, विकावी असे घरात एकमताने ठरले आहे. नोंदणी १९५८ची असून क्रमांक जुन्या मुंबई राज्याच्या बी-एम मालिकेतला आहे. आजोबा डॉक्टर होते आणि गावोगावच्या व्हिजिटसाठी त्यांनी हीच गाडी वापरली. त्यांच्यानंतर वडिलांनी ती काही वर्षे चालवली, पण गेली वीसेक वर्षे ती वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे. इंजिन सुरू होत नाही. आसनांचे कापड फाटले आहे, चालकाच्या पायाखालचा पत्रा एका जागी गळून पडला आहे आणि मागच्या एका दिव्याची काच फुटली आहे. बाकी गाडी पूर्ण आहे. आरसी बुक आजोबांच्याच नावावर असून ते जीर्ण झाले असले तरी वाचता येते.

अडचण अशी की किंमत काय सांगावी हेच कळत नाही. गावातल्या एका गॅरेजवाल्याने सव्वा लाख देऊ केले आणि उद्याच घेऊन जातो म्हणाला. इंटरनेटवर मात्र अशाच गाडीच्या जाहिरातीत बारा लाखांचा आकडा आहे. एका नातेवाइकांचे म्हणणे असे की आधी रंग मारून गाडी चकाचक करावी आणि मग विकावी. गाडी चांगल्या माणसाच्या हाती जावी, ही आमची पहिली इच्छा आहे; पण कवडीमोलाने जाऊ नये, हेही खरे. जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

पत्राकाम (पुणे):

ताई, सर्वप्रथम एक विनंती करतो. रंगाचा ब्रश किंवा स्प्रे गन या गाडीच्या जवळ येऊ देऊ नका. विक्रीच्या तोंडावर रंगवलेली जुनी गाडी पाहिली की जाणत्या गिऱ्हाइकाच्या मनात पहिला प्रश्न येतो, की खाली काय झाकले आहे? पुट्टीच्या जाड थराखाली गंजलेला पत्रा दडवणे हा या बाजारातला सर्वांत जुना प्रकार आहे. तुमची गाडी मूळ रंगात, अगदी उडालेल्या मूळ रंगात असेल, तर घेणाऱ्याला पत्र्याची अवस्था डोळ्यांनी दिसते, आणि ज्याला खरी स्थिती दिसते तो अंदाजाने पैसे कापत नाही.

आता पायाखालच्या गळलेल्या पत्र्याविषयी. या फियाटला जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालची स्वतंत्र लोखंडी चौकट, नसते. जमीन म्हणजे गाडीचा तळ, दारांखालचे उंबरे, चाकांवरच्या कमानी आणि छत असा सगळा पत्रा मिळूनच गाडीचा सांगाडा तयार होतो. त्यामुळे जमिनीला पडलेले भोक हे केवळ दिसण्यापुरते वैगुण्य नसून गाडीच्या ताकदीचा प्रश्न असतो. तुम्ही एवढे करा: आतली मॅट उचला, जाड स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने जमिनीवर आणि दारांखालच्या उंबऱ्यांवर हलके ठोका आणि आवाज ऐका. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे; दबका, मातकट आवाज येऊन पापुद्रे सुटू लागले तर तिथे गंज आतून आहे. पुढची दारे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली, म्हणजे उलटी उघडणारी आहेत ना, हेही पाहा. ती अर्धी उघडून हाताने जरा उचलून बघा. दार खाली बसले असेल तर मधला खांब किंवा उंबरा कमकुवत झाल्याची शंका येते आणि दुरुस्तीचा खर्च एकदम वरच्या पायरीवर जातो.

इंजिनाला बॅटरी जोडून सेल्फ मारण्याचा मोह कृपया टाळा. इतकी वर्षे उभे असलेले इंजिन जाम झालेले असू शकते, आणि ते जबरदस्तीने फिरवले तर पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात व सिलिंडरला ओरखडे पडू शकतात. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडे पातळ ऑइल सोडा, काही दिवस तसेच राहू द्या आणि मग हँडलने हळूहळू फिरते का ते पाहा. नुसते हाताने फिरणारे इंजिनसुद्धा ‘जाम आहे’ या शब्दापेक्षा बरेच जास्त पैसे मिळवून देते. टाकीतले जुने पेट्रोल तेवढे काढून टाका.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुटे भाग. १०८९ सीसीचे इंजिन पुढे प्रीमियर पद्मिनी या नंतरच्या मॉडेलपर्यंत त्याच घराण्यातले राहिल्यामुळे त्याचे बरेच सामान आजही पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधले तर सापडते. मिळत नाहीत त्या बाहेरच्या आणि आतल्या लहानसहान वस्तू: बोनेटवरचा मोनोग्राम, क्रोमच्या पट्ट्या, चाकांवरच्या टोप्या, मूळ स्पीडोमीटर, दारांची हँडले, स्टिअरिंगचे चाक आणि मागच्या दिव्यांच्या काचा. एखाद्या हौशी माणसाला या गोष्टी जमवायला वर्षे लागतात. म्हणून त्या फुटलेल्या काचेचे तुकडेसुद्धा टाकू नका. साचा घ्यायला ते उपयोगी पडतात. ‘ताई, हा मोनोग्राम तेवढा द्या, दोन हजार देतो’ असे म्हणणारी माणसे येतील. त्यांना काहीही देऊ नका. पूर्ण गाडी आणि चार वस्तू गेलेली गाडी यांच्या किमतीतला फरक त्या चार वस्तूंच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

कागदपत्री (ठाणे):

पत्राकाम यांनी लोखंडाचे सांगितले, मी कागदाचे सांगतो. कारण माझ्या मते या गाडीची निम्मी किंमत त्या जीर्ण आरसी बुकात आहे. सव्वा लाख देऊन उद्याच गाडी नेऊ पाहणाऱ्या माणसाने कागदांविषयी काही विचारले का, हे तुम्ही लिहिलेले नाही. विचारले नसेल तर तो गाडी भागांसाठी किंवा भंगाराच्या हिशोबाने घेत असण्याचा संभव आहे.

पहिले काम असे: बोनेट उघडा, निर्मात्याची पट्टी आणि पत्र्यावर कोरलेला चासी क्रमांक शोधा, चिंधीला डिझेल लावून तो अलगद स्वच्छ करा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिलीने घासून ठसा घ्या. सँडपेपर किंवा पॉलिशचे चाक तिथे फिरवू नका. कोरलेले आकडे पुसट झाले तर ते कोणी मुद्दाम खोडले असा संशय येतो. इंजिनाच्या क्रमांकाचाही ठसा असाच घ्या. दोन्ही क्रमांक आरसी बुकाशी अक्षरशः जुळले तर तुमच्या हाती या बाजारातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. या गाड्यांत नंतरच्या काळातले पद्मिनीचे इंजिन सहज बसत असल्याने कित्येकांची इंजिने बदलली गेली, आणि बदलाची नोंद पुस्तकात करून घ्यायची तसदी फार थोड्यांनी घेतली.

दुसरे काम वारसाचे. आजोबांच्या नावावरची गाडी तुम्ही थेट तिसऱ्या माणसाला विकू शकत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ असतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. कायद्यात यासाठी जी मुदत आहे ती केव्हाच उलटून गेली असल्याने विलंबाचा दंड भरावा लागेल, पण काम अडत नाही. नोंदणीची मुदतही संपलेली असणार. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीसाठी हे शुल्क १०,००० रुपये झाले आहे. थकीत पर्यावरण कर आणि विलंबाची रक्कम वेगळी. शिवाय इतकी जुनी नोंद आरटीओच्या संगणकात नसण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी मूळ नोंदवहीवरून बॅकलॉग नोंद करून, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून, घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ आरसी बुक हाच आधार असतो. म्हणून त्याचे प्रत्येक पान आजच नीट स्कॅन करून ठेवा. मूळ पुस्तक कोणत्याही एजंटाच्या हाती पोचपावतीशिवाय देऊ नका.

‘व्हिंटेज’ नोंदणीविषयी तुम्हाला कोणी ना कोणी सल्ला देईलच, म्हणून तेही सांगतो. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली बिगरव्यावसायिक गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि त्यानंतरच्या नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे. नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, मात्र आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला मूळ क्रमांक ठेवता येतो. अट अशी की ती गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; रॅली, प्रदर्शन, इंधन, देखभाल अशा ठराविक कारणांपुरतीच ती बाहेर काढता येते. हा निर्णय घेणाऱ्यावर सोडा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला गाडी रविवारी कुटुंबासह फिरवायची असेल तर साधी नोंदणीच हवी असेल.

विमा कंपनीच्या कागदावर दिसणारा आकडा म्हणजे बाजारभाव, असाही एक समज आहे. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा रक्कम ही कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवलेली असते. मोटार विम्याच्या भारतीय दरपत्रकात व्हिंटेज म्हणजे १९४० अखेरपर्यंत बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडी, त्यामुळे तुमची १९५८ची फियाट त्या व्याख्येत बसतच नाही. आरटीओच्या लेखी ती व्हिंटेज होऊ शकते, विम्याच्या लेखी नाही.

नेकारतीर (श्टुटगार्ट):

मूळचा सांगलीचा असल्याने या धाग्यावर थांबलो. इकडे जर्मनीत जुन्या गाडीची किंमत ठरवताना आधी तिला १ ते ५ अशी अवस्थेची श्रेणी देतात. १ म्हणजे निर्दोष, ३ म्हणजे वापराच्या खुणा असलेली पण रस्त्यावर चालण्याजोगी आणि ५ म्हणजे संपूर्ण दुरुस्तीची गरज असलेली. एकाच मॉडेलच्या दुसऱ्या आणि पाचव्या श्रेणीतल्या गाड्यांच्या भावात कित्येक पटींचा फरक असतो. कृष्णाकाठ यांना मिळालेले सव्वा लाख आणि बारा लाख हे दोन आकडे एकमेकांच्या विरोधात नाहीत. दोन वेगवेगळ्या श्रेणींचे ते आकडे आहेत, आणि त्यातला दुसरा तर केवळ मागितलेला आहे. युरोप-अमेरिकेत मोठी लिलावगृहे प्रत्यक्ष विक्रीचे आकडे प्रसिद्ध करतात, त्यामुळे मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांतले अंतर कोणालाही तपासता येते. आपल्याकडे बहुतेक व्यवहार खासगीत होत असल्याने जाहिरातीतला आकडाच बाजारभाव मानला जातो.

दुर्मीळपणा आणि किंमत यांचे नातेही सरळ नाही. मे २०२२मध्ये येथील मर्सिडीजच्या संग्रहालयात १९५५ची ३०० एसएलआर ऊलेनहाउट कूपे १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली आणि ती जगातली सर्वांत महाग मोटार ठरली. तशा फक्त दोनच गाड्या बनल्या होत्या, हे कारण तर आहेच. पण ती जन्मापासून कारखान्याच्याच ताब्यात होती आणि तिच्या इतिहासात कुठेही खंड नव्हता, हे कारणही तितकेच वजनदार आहे. डुक्कर फियाट त्या अर्थाने दुर्मीळ नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून त्या मोठ्या संख्येने बाहेर पडल्या. मात्र १९५८पासून एकाच घरात राहिलेली, मूळ क्रमांकाची आणि भाग न गेलेली गाडी ही आज खरोखर विरळा आहे. आजोबांचे गाडीसोबतचे फोटो, पेट्रोलच्या पावत्या, विम्याची जुनी कागदे, गॅरेजची बिले, मूळ खरेदीचे पत्र, जे सापडेल ते एका फाइलमध्ये लावा. इटलीत या ११०० मालिकेचे चाहते असल्याने काही रबरे आणि मोनोग्राम तिकडे नव्याने बनतात, हेही भावी मालकाला सांगा. भारतीय गाडीला ते तंतोतंत बसतील का, हे मात्र नमुना जुळवूनच मागवावे.

कृष्णाकाठ (मिरज):

सर्वांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल भावाने ठसे घेतले. दोन्ही क्रमांक आरसी बुकाशी जुळले आहेत. उंबरे खणखणीत वाजतात. चालकाच्या बाजूची जमीन मात्र वीतभर गेलेली आहे. आईच्या ट्रंकेत आजोबांची एक वही सापडली. त्यात प्रत्येक व्हिजिटच्या गावाचे नाव, किलोमीटर आणि भरलेले पेट्रोल यांच्या नोंदी त्यांच्या हस्ताक्षरात आहेत. त्या गॅरेजवाल्यांना तूर्त नाही म्हणून कळवले आहे. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या: इंजिन सुरू करून घेण्यावर आम्ही खर्च करावा का, आणि विक्रीच्या रकमेवर आयकर लागेल का?

गोल बोनेट (दादर):

मी या गाड्या घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे, म्हणून घेणारा कसा हिशोब करतो ते स्पष्ट सांगतो. तो आधी ठरवतो की पूर्ण झालेली गाडी मला केवढ्याला पडली तर परवडेल. त्यातून तो पत्राकाम, इंजिन, रंग, आसने, वायरिंग, टायर आणि भागांच्या शोधाचा खर्च वजा करतो. उरते ती तुमची किंमत. चांगल्या कारागिराकडून या गाडीचे संपूर्ण काम करायचे झाले तर माझ्या अंदाजाने पाच ते सात लाख सहज लागतात, आणि तयार गाडीला आठ-नऊ लाखांच्या पुढे नेणारे गिऱ्हाईक फार थोडे आहेत. त्यामुळे तुमची गाडी आहे त्या स्थितीत, वारसाच्या नावावर झालेल्या कागदांसह, अडीच ते साडेतीन लाखांच्या दरम्यान जावी असे मला वाटते. कागद अपुरे असतील तर हाच आकडा दीड लाखाखाली येईल. त्या वहीसाठी मी स्वतः वेगळे पैसे मोजले असते.

पत्राकाम यांच्याशी एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. इंजिन हाताने फिरू लागले, तर पुढे जाऊन डायनॅमो, कारबोरेटर आणि पेट्रोल पंप साफ करून ते जागच्या जागी सुरू करून घ्यावे. पंधरा-वीस हजारांत हे होत असेल तर तो खर्च वाया जात नाही, कारण घेणाऱ्याच्या मनातली सर्वांत मोठी अनिश्चितता जाते. इंजिन खोलावे लागणार असेल तर मात्र हात लावू नका. कोणत्या कारागिराकडून ते उघडायचे, हे नवीन मालकाला ठरवू द्या. जमिनीचा पत्राही तुम्ही जोडू नका. घाईघाईने मारलेले ठिगळ काढायलाच जास्त वेळ जातो.

एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे बाद झाल्या, त्यानंतर पद्मिनीविषयी लोकांत नवी ओढ दिसते आणि जाहिरातींतले आकडेही वर गेले आहेत. पद्मिनी आजही बऱ्यापैकी मिळत असल्याने तो भाव टिकेल याची मला खात्री वाटत नाही. डुक्कर फियाटचे गिऱ्हाईक त्या लाटेतले नसते. ते संख्येने थोडे असते, पण काय घ्यायचे हे त्याला नेमके ठाऊक असते, त्यामुळे त्याची वाट पाहावी लागते. सहा महिने हाताशी ठेवूनच विक्रीला लागा.

कागदपत्री (ठाणे):

आयकराविषयी. स्वतःच्या वापराची मोटार ही आयकर कायद्यात वैयक्तिक वापराची वस्तू मानली जाते आणि तिच्या विक्रीतल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०२५मध्ये दिलेला एक निर्णय येथे लक्षात घ्यावा लागेल. त्या प्रकरणात १९८३ साली २०,००० रुपयांना घेतलेली १९३१ची फोर्ड टूरर पुढे २१ लाखांना विकली गेली होती. गाडी वैयक्तिक वापरासारखी आहे एवढे पुरेसे नाही, ती प्रत्यक्ष तशी वापरली गेल्याचा पुरावा हवा, असे न्यायालयाने म्हटले आणि तो पुरावा नसल्याने नफा करपात्र ठरवला. तुमच्या बाबतीत गाडी कुटुंबाने वापरलेली आहे, आणि आजोबांच्या वहीत व्हिजिटच्या नोंदी असल्या तरी व्यवसायाचा वापर आणि घरचा वापर यांत अधिकारी फरक करू शकतात. वडिलांच्या काळातले सहलींचे फोटो, विमा आणि दुरुस्तीची बिले म्हणूनच गोळा करा. गाडीची घसारा वजावट, म्हणजे व्यवसायातल्या वस्तूच्या झिजेपोटी करात मिळणारी वजावट, आजोबांनी कधी घेतली होती का, हेही तपासा आणि सगळी फाइल विक्रीपूर्वीच आपल्या सीएंना दाखवा. जास्त किंमत मिळवून देणारी आणि कराच्या वेळी उपयोगी पडणारी कागदपत्रे एकच आहेत, त्यामुळे हे कष्ट दुप्पट फळ देतील. नवीन मालकाला मूळ फाइल देण्याआधी तिची पूर्ण प्रत स्वतःजवळ ठेवा.

व्यवहाराच्या दिवशी फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे गाडी विकल्याची सूचना आणि नावबदलाचा अर्ज, यांवर लागणाऱ्या सह्या आपल्यासमोर घ्या, कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नका आणि रक्कम बँकेतूनच घ्या. नावबदल प्रत्यक्ष होईपर्यंत आरटीओच्या लेखी जबाबदारी तुमचीच राहते. म्हणून गाडी पडवीतून हलवताना तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही असलेला ताबा-कागद करून घ्या. ती चालत नसल्याने टो करून न नेता सपाट पाट्याच्या ट्रकवर चढवून न्यायला सांगा. जमिनीचा पत्रा गेलेल्या गाडीला पुढून दोर लावून ओढले तर आज खणखणीत वाजणारे उंबरेही वाकू शकतात.